दंतोपचाराचा दावा नाकारला गेल्यास : समूह आरोग्य विमा आणि कर्मचाऱ्याचा अपिलाचा हक्क

शिक्षण संस्थांनी आपल्या शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांसाठी समूह आरोग्य विमा उतरविण्याची पद्धत आता बरीच रूढ झाली आहे. दरवर्षी कार्यालयातून एक कार्ड मिळते, कधी वेतनातून हप्त्याचा काही भाग कापला जातो, आणि आजारपणात या कार्डाचा आधार मिळेल अशी कर्मचाऱ्याची समजूत असते. ही समजूत बहुतांशी खरी ठरते. परंतु दात, हिरड्या वा जबडा यांच्या उपचाराचा प्रश्न आला की अनेक दावे "दंतोपचार समाविष्ट नाहीत" या एका वाक्यात परत येतात. बहुतेक कर्मचारी ते वाक्य अखेरचे मानून स्वस्थ बसतात. वास्तविक ते अखेरचे नसते. नकाराविरुद्ध दाद मागण्याची रीतसर व्यवस्था आहे आणि तिच्या बऱ्याच पायऱ्यांवर खर्चही येत नाही. ही व्यवस्था कशी चालते आणि तिच्यात कोणती गोष्ट निर्णायक ठरते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अमेरिकेत नोकरीसोबत स्वतंत्र दंतविमा देण्याची पद्धत सर्वपरिचित आहे. तेथील १९७४ च्या कर्मचारी लाभविषयक कायद्याखालील नियमांप्रमाणे नकार कळल्यापासून अपिलासाठी किमान १८० दिवस द्यावे लागतात. भारतात मात्र दंतोपचार हा बहुधा आरोग्य विम्याचाच एक कोपरा असतो, आणि तोही अपवादांनी वेढलेला. म्हणून येथील अपिलाचा विचार आरोग्य विम्याच्या चौकटीतच करावा लागतो.

विषय स्पष्ट व्हावा म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊ. बेळगावातील एका महाविद्यालयातील शिक्षिका पावसाळी संध्याकाळी स्कूटरवरून घसरल्या. खालचा जबडा दोन ठिकाणी मोडला आणि समोरचे दोन दात तुटले. दोन दिवस रुग्णालयात राहून, पूर्ण भूल देऊन जबड्यात धातूच्या पट्ट्या बसविण्यात आल्या. खर्च ९२,००० रुपये. तीन महिन्यांनी खासगी दवाखान्यात दोन कृत्रिम दात रोवून घेतले. खर्च ६०,००० रुपये. त्यांनी दोन्ही बिले एकत्र करून १,५२,००० रुपयांचा दावा केला आणि तो पूर्णपणे नाकारला गेला.

१. समूह विम्यातील पक्ष

समूह विम्याचा मूळ करार संस्था आणि विमा कंपनी यांच्यात होतो. त्याला मास्टर पॉलिसी म्हणतात. कर्मचारी हा त्या कराराचा लाभार्थी असतो. त्याच्या हाती कार्ड किंवा प्रमाणपत्र येते, पण करार संस्थेच्या कपाटात राहतो. चौथा घटक म्हणजे टीपीए, अर्थात दाव्यांची कागदपत्रे हाताळणारी मध्यस्थ संस्था. नकाराचे पत्र पुष्कळदा टीपीएच्या नावाने येते. तथापि दावा नाकारण्याचा निर्णय विमा कंपनीचा असतो. टीपीए तो कळविते. त्यामुळे केवळ टीपीएशी दूरध्वनीवर वाद घालण्यात महिने घालविणे व्यर्थ आहे. दाद कंपनीकडे मागावयाची असते.

पहिले काम अपील लिहिणे हे नव्हे. पहिले काम म्हणजे मास्टर पॉलिसीची प्रत, तिची पुरवणी कलमे आणि त्या वर्षीची विमाधारकांची यादी संस्थेच्या कार्यालयातून लेखी अर्ज करून मागणे. कार्डावर छापलेला मजकूर किंवा विमा प्रतिनिधीने बैठकीत वाटलेले पत्रक म्हणजे करार नव्हे. ज्या कलमाच्या आधारे दावा नाकारला ते कलम स्वतः वाचल्याशिवाय केलेले अपील ही केवळ विनवणी ठरते.

२. दंतोपचाराचे कलम कसे वाचावे

विमा नियामकाने ठरविलेल्या प्रमाण व्याख्येनुसार दंतोपचार म्हणजे दात अथवा दातांना आधार देणाऱ्या रचनांशी संबंधित उपचार. तपासणी, दात भरणे, टोपी बसविणे, दात काढणे आणि शस्त्रक्रिया हे सर्व त्यात येते. व्याख्या व्यापक आहे, आणि तिच्या व्यापकतेचाच आधार घेऊन दावे नाकारले जातात. परंतु व्याख्या ही अर्धी बाजू आहे. दंतोपचार वगळणाऱ्या कलमात बहुधा "जर", "खेरीज", "वगळता" असा एखादा शब्द असतो आणि अपिलाचे सारे बळ त्या शब्दात असते.

प्रचलित पॉलिसींत तीन प्रकारची रचना आढळते. पहिल्या प्रकारात अपघातामुळे आवश्यक झालेले उपचार सोडून सर्व दंतोपचार वगळलेले असतात. दुसऱ्या प्रकारात रोग अथवा इजा यांमुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागले तर दंतोपचारही मान्य होतात. २०२० मध्ये सर्व कंपन्यांसाठी ठरवून दिलेल्या "आरोग्य संजीवनी" या प्रमाण पॉलिसीतही रोग वा इजा यांमुळे आवश्यक झालेल्या दंतोपचाराचा खर्च रुग्णालयीन उपचारांत धरला आहे. तिसऱ्या प्रकारात संस्थेने जादा हप्ता भरून बाह्यरुग्ण दंतोपचारासाठी वार्षिक मर्यादेपर्यंत रक्कम घेतलेली असते. आपली पॉलिसी यांपैकी कोणत्या प्रकारची आहे हे ठरले की अपिलाची दिशा ठरते.

वरील उदाहरणात पॉलिसी दुसऱ्या प्रकारची आहे असे समजू. मग शिक्षिकेला दोन मुद्दे मांडता येतात. एक, जबड्याचे हाड मोडणे ही चेहऱ्याच्या हाडाची इजा आहे; ती जोडणे म्हणजे दातांवरील उपचार नव्हे. दोन, क्षणभर तो दंतोपचार आहे असे मानले तरी तो इजेमुळे आणि रुग्णालयात दाखल होऊन झालेला आहे, म्हणजे अपवादातच बसतो. पहिला मुद्दा अमान्य झाला तरी दुसरा उभा राहतो. मात्र कृत्रिम दातांचा ६०,००० रुपयांचा खर्च बाह्यरुग्ण म्हणून झाला आहे आणि पॉलिसीत तशी तरतूद नाही. तो मागे घेणे हेच शहाणपणाचे. दुबळा भाग सोडून दिल्याने सबळ भागाची विश्वासार्हता वाढते. सर्व काही एकत्र मागितल्यास कंपनीला सर्व काही एकत्र नाकारणे सोपे जाते.

३. नकाराची नेहमीची कारणे

"रुग्णालयात दाखल करण्याची आवश्यकता नव्हती." हे कारण अक्कलदाढेच्या शस्त्रक्रियेत किंवा दाताच्या गळवाच्या उपचारात वारंवार येते. पॉलिसीत साधारणतः २४ तास दाखल राहण्याची अट असते. परंतु तांत्रिक प्रगतीमुळे २४ तासांपेक्षा कमी वेळात होणारे, भूल देऊन केलेले डे-केअर उपचार त्याला अपवाद आहेत. एरवी बाह्यरुग्ण म्हणूनच होणारे उपचार मात्र त्यात येत नाहीत. म्हणून येथे उपचार करणाऱ्या शल्यचिकित्सकाचे प्रमाणपत्र महत्त्वाचे. संसर्ग मानेपर्यंत पसरला होता, तोंड उघडत नव्हते, गिळता वा श्वास घेता येत नव्हता, मधुमेह वा हृदयविकार असल्याने देखरेख आवश्यक होती, अशी वैद्यकीय कारणे त्यात नेमकेपणाने यावीत. "दाखल करणे आवश्यक होते" एवढेच लिहिलेले प्रमाणपत्र फारसे उपयोगी पडत नाही.

"उपचार सौंदर्यवर्धक आहे." अपघात, भाजणे वा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना आणि केवळ दिसण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया यांत प्रमाण अपवाद-कलमांनीच भेद केला आहे. अपघाताची नोंद, इजा झाल्या दिवशीचा वैद्यकीय अहवाल, क्ष-किरण वा सीटी स्कॅनची चित्रे आणि असल्यास पोलीस ठाण्यातील नोंद यांनी हा भेद सिद्ध होतो.

"आजार पूर्वीपासूनचा आहे." वैयक्तिक पॉलिसीत पूर्वीच्या आजारासाठी प्रतीक्षा काळ असतो, २०२४ पासून त्याची कमाल मर्यादा ३६ महिने आहे. समूह पॉलिसीत हा प्रतीक्षा काळ पुष्कळदा माफ केलेला असतो. तो माफ आहे की नाही हे मास्टर पॉलिसीच्या पुरवणीतच कळते, कार्डावर नव्हे.

"सूचना अथवा कागदपत्रे उशिरा दिली." विमा नियामकाने २० सप्टेंबर २०११ रोजीच परिपत्रक काढून स्पष्ट केले की, अपरिहार्य कारणाने झालेल्या विलंबावरून खरे दावे यांत्रिकपणे नाकारू नयेत. विलंबाचे कारण व त्याचा पुरावा द्यावा आणि या परिपत्रकाचा उल्लेख करावा.

"नाव यादीत नाही." येथे दोष बहुधा विमा कंपनीचा नसून संस्थेच्या कार्यालयाचा असतो. नवीन नियुक्ती, विवाह वा अपत्यजन्म यांची माहिती वेळेत पाठविली गेलेली नसते. वेतनातून हप्ता कापला असल्यास वेतनपत्रक जपून ठेवावे. आयुर्विम्याच्या वेतन बचत योजनेत हप्ता कापून घेणारा मालक हा विमा महामंडळाचा अभिकर्ता ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली विद्युत पुरवठा उपक्रम विरुद्ध बसंती देवी (१९९९) या प्रकरणात मानले होते. हे तत्त्व प्रत्येक आरोग्य विम्याला जसेच्या तसे लागू होईलच असे नाही. तरी कापलेल्या हप्त्याचा पुरावा कर्मचाऱ्याची बाजू भक्कम करतो.

४. अपिलाच्या पायऱ्या

पहिली पायरी विमा कंपनीचा तक्रार निवारण अधिकारी. त्याच्याकडे लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. कंपनीने १४ दिवसांत तक्रारीचा निकाल देणे अपेक्षित आहे. नियामकाच्या २९ मे २०२४ च्या आरोग्य विमाविषयक परिपत्रकाने दोन गोष्टी कर्मचाऱ्याच्या हाती दिल्या आहेत. कंपनीच्या समितीने, म्हणजे उत्पादन व्यवस्थापन समितीने अथवा तिच्या तीन सदस्यांच्या दावा पुनरावलोकन समितीने, संमती दिल्याखेरीज कोणताही दावा नाकारता येत नाही. आणि नकार कळविताना पॉलिसीतील नेमक्या अटीचा उल्लेख करावा लागतो. "दंतोपचार समाविष्ट नाहीत" एवढ्याच शब्दांत नकार आला असेल, तर कलमाचा क्रमांक आणि समितीच्या संमतीचा तपशील विचारणे हा अपिलाचा पहिला मुद्दा होय.

नकारपत्रातील कारण निश्चित करून घेण्याचे आणखी एक महत्त्व आहे. सौराष्ट्र केमिकल्स विरुद्ध नॅशनल इन्शुरन्स (२०१९) या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, नकारपत्रात न दिलेले कारण विमा कंपनीला नंतर ग्राहक आयोगापुढे प्रथमच मांडता येत नाही. त्याचप्रमाणे मॉडर्न इन्सुलेटर्स विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स (२०००) या निवाड्यात विमाधारकाला न कळविलेल्या अपवाद-कलमाचा आधार कंपनीला नाकारण्यात आला.

दुसरी पायरी विमा नियामक प्राधिकरणाची "बिमा भरोसा" ही तक्रार व्यवस्था. तेथे ऑनलाइन किंवा १५५२५५ या निःशुल्क क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. हैदराबादस्थित प्राधिकरण स्वतः दाव्याचा न्यायनिवाडा करीत नाही. ते तक्रार कंपनीकडे पाठवून तिचा पाठपुरावा करते. तरीही अडकलेले पत्र हलविण्यास ही नोंद उपयोगी पडते.

तिसरी आणि सामान्य कर्मचाऱ्यासाठी सर्वांत उपयुक्त पायरी म्हणजे विमा लोकपाल. ही संस्था १९९८ मध्ये सुरू झाली. सध्या ती २०१७ च्या नियमांप्रमाणे चालते. समूह विम्यातील तक्रारीही तेथे दाखल होतात. कंपनीकडे लेखी तक्रार केल्यानंतर एक महिन्यात उत्तर न आल्यास किंवा आलेले उत्तर समाधानकारक नसल्यास लोकपालाकडे जाता येते; मात्र कंपनीने तक्रार फेटाळल्यापासून एक वर्षाच्या आत. शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. तक्रार तक्रारदाराने स्वतःच करावयाची असते. भरपाईची कमाल मर्यादा नोव्हेंबर २०२३ पासून ५० लाख रुपये आहे. आवश्यक कागदपत्रे मिळाल्यापासून तीन महिन्यांत निवाडा द्यावयाचा असतो. तो कंपनीवर बंधनकारक असून ३० दिवसांत अमलात आणावा लागतो. तसे न केल्यास, २०२४ च्या परिपत्रकानुसार, कंपनीला तक्रारदारास दररोज ५,००० रुपये द्यावे लागतात.

कोणत्या कार्यालयाकडे जावे हा प्रश्न महाराष्ट्राबाहेरील मराठी भाषक शिक्षकांना विशेष पडतो. तक्रारदाराचे निवासस्थान किंवा कंपनीचे संबंधित कार्यालय ज्या क्षेत्रात आहे तेथील लोकपालाकडे तक्रार करता येते. बेळगाव व उर्वरित कर्नाटकासाठी बंगळूर, इंदूर व ग्वाल्हेरसाठी भोपाळ, बडोद्यासाठी अहमदाबाद आणि तेलंगणासाठी हैदराबाद अशी कार्यालये आहेत. कोल्हापूर-सोलापूरकडील शिक्षकांना पुणे कार्यालय जवळचे. संस्थेचे मुख्यालय महाराष्ट्रात आणि शिक्षक बेळगावात असला, तरी त्याला आपल्या निवासाच्या आधारे बंगळूर कार्यालयाकडे जाता येते.

चौथी पायरी ग्राहक आयोग. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून अमलात आला. त्यानुसार तक्रारदार जेथे राहतो वा नोकरी करतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. सेवेपोटी दिलेला मोबदला, म्हणजे येथे हप्ता, ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. मुदत दोन वर्षांची. दोन सावधगिऱ्या येथे आवश्यक आहेत. ज्या विषयाची तक्रार न्यायालयात वा ग्राहक आयोगात प्रलंबित आहे ती लोकपाल घेत नाही. म्हणून क्रम विचारपूर्वक ठरवावा, आधी लोकपाल आणि नंतर आयोग. तसेच लोकपालाकडे वेळ गेला म्हणून आयोगाची मुदत आपोआप वाढते असे गृहीत धरू नये.

५. अर्ज कसा लिहावा

अर्जात रोष, उपकाराची भाषा किंवा घरच्या अडचणींचे दीर्घ वर्णन नसावे. अधिकाऱ्याला चार गोष्टी हव्या असतात : काय घडले, कंपनीने काय कारण दिले, पॉलिसी काय म्हणते, आणि काय मागणे आहे. वरील उदाहरणातील अर्जाचा गाभा असा असू शकेल :

"प्रति, तक्रार निवारण अधिकारी. विषय : दावा नाकारण्याच्या निर्णयाचा फेरविचार.

१) माझ्या नावे संस्थेच्या समूह पॉलिसीखाली केलेला दावा 'दंतोपचार समाविष्ट नाहीत' या कारणास्तव नाकारण्यात आला आहे. पत्रात कलमाचा क्रमांक नाही. तो, तसेच दावा पुनरावलोकन समितीच्या संमतीचा तपशील कळवावा.

२) दिनांक … रोजी अपघातात माझा खालचा जबडा मोडला. रुग्णालयात दोन दिवस दाखल राहून पूर्ण भूल देऊन शस्त्रक्रिया झाली. ही चेहऱ्याच्या हाडाची इजा आहे.

३) हा उपचार दंतोपचार मानला तरी, इजेमुळे रुग्णालयात घ्यावे लागलेले दंतोपचार पॉलिसीच्या कलम … नुसार मान्य आहेत.

४) कृत्रिम दातांच्या ६०,००० रुपयांच्या खर्चाची मागणी मी मागे घेत आहे. रुग्णालयीन उपचाराचे ९२,००० रुपये मंजूर करावेत.

५) सोबत : नकारपत्र, डिस्चार्ज कार्ड, सीटी स्कॅन अहवाल, शल्यचिकित्सकाचे प्रमाणपत्र, तपशीलवार बिले."

या अर्जात एकही अवघड शब्द नाही, आणि प्रत्येक वाक्यामागे एक कागद आहे. प्रत्येक जोडपत्राला क्रमांक द्यावा, मूळ कागद स्वतःजवळ ठेवून प्रती पाठवाव्यात आणि प्रत्येक दूरध्वनीनंतर झालेले बोलणे ई-मेलने लेखी कळवावे. तोंडी आश्वासनाला अपिलात किंमत नसते.

६. संस्थेची जबाबदारी

समूह विमा हा संस्थेने केलेला करार असल्याने काही कर्तव्ये संस्थेकडेच येतात. मास्टर पॉलिसीची प्रत ग्रंथालयात अथवा शिक्षक-कक्षात उपलब्ध असावी. नियामकाने ठरविलेले ग्राहक माहितीपत्रक जानेवारी २०२४ पासून लागू असून विमाधारकाने मागितल्यास ते स्थानिक भाषेत देण्याची तरतूद आहे. मराठी, कन्नड, उर्दू अशा निरनिराळ्या भाषांत वावरणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या संस्थेने ते अवश्य मागावे. पॉलिसीचे नूतनीकरण करताना दंतोपचाराचे कलम कोणत्या प्रकारचे आहे हे विचारून घ्यावे. हप्त्यात थोडी बचत करण्यासाठी दुसऱ्या प्रकारच्या कलमाऐवजी पहिल्या प्रकारचे घेतले गेले, तर त्याचा भार पुढे जबड्यातील गळवाने रुग्णालयात गेलेल्या एखाद्या शिपायावर पडतो, आणि त्याच्यासाठी कोणतेही अपील उपयोगी पडत नाही. करारात जे नाही ते अपिलातून मिळत नाही.

समारोप

दावा, अर्ज, करार, मुदत, हक्क, तक्रार हे मराठी कचेरीतील सारे शब्द अरबी-फार्सीच्या वाटेने आले आणि येथलेच झाले. त्यांपैकी "तक्रार" या अरबी शब्दाचा मूळ अर्थ पुनरुक्ती, म्हणजे तीच गोष्ट पुन्हा सांगणे, असा आहे. विम्याच्या अपिलात हा मूळ अर्थ आजही खरा ठरतो. तेच कलम, तीच इजा, तेच कागद कंपनीपुढे, लोकपालापुढे आणि वेळ आली तर आयोगापुढे न बदलता, न वाढविता पुन्हा मांडावे लागतात. जो पहिल्या नकारानंतर गप्प बसतो त्याचा हक्क मुदतीबरोबर संपतो. बेळगावच्या त्या शिक्षिकेला १,५२,००० रुपये मिळणार नाहीत. पण ९२,००० रुपये मागण्याचा तिचा हक्क शाबूत आहे, आणि तो वापरण्यासाठी तिला प्रथम संस्थेच्या कपाटातील करार वाचावा लागणार आहे.